आवाज कुठे अडतो

सांगली-मिरजेत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं काम. मंदावलेली मशिनं, व्हायरस, रुसलेले प्रिंटर हे सगळं त्यात येतंच. पण आवाजाच्या तक्रारीत माझा जीव रमतो. पडदा बिघडला तर तो सगळ्यांना दिसतो, फोटो काढून पाठवता येतो. आवाज ज्याच्या कानाला जसा लागला तसा त्याने सांगायचा आणि मी त्या सांगण्यावर भरवसा ठेवून निघायचं. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘कॉम्प्युटरचा आवाज गेलाय.’ मी विचारतो, ‘गेलाय म्हणजे नक्की काय होतंय?’ मग हळूहळू खरं बाहेर येतं. कुणाकडे खरखर येते, कुणाकडे सतत घूंऽऽ चालू असतं. कुणाचा आवाज मोठा केला की फाटतो, कुणाचा तुटत तुटत येतो, कुणाचा एकाच कानात येतो. या प्रत्येकाचं कारण वेगळं. नीट विचारलं तर बॅग उचलायच्या आधीच अर्धा शोध लागलेला असतो.

आमच्या धंद्यात सर्रास उलटं चालतं. आवाज नाही म्हटलं की ड्रायव्हर काढा, परत टाका. तरी नाही आला तर फॉरमॅट मारा. त्यात कुणाचे लग्नाचे फोटो जातात, कुणाचे दुकानाचे हिशेब, आणि शेवटी कळतं की पिन भलत्याच भोकात होती. हे मला कधीच पटलेलं नाही. आधी ऐकून घ्यावं, मग हात लावावा.

गाणं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचा आवाज असेल तर प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे, व्हिडिओत बहुधा ४८,०००. प्लेअर ते सिस्टिमला देतो, सिस्टिम सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळते, ड्रायव्हर ते मदरबोर्डवरच्या कोडेक चिपकडे पोचवतो. ती चिप आकड्यांचे विजेचे चढउतार करते आणि मग जॅक, वायर, ॲम्प्लिफायर, स्पीकर असा पुढचा प्रवास. नळाला पाणी आलं नाही तर जाणता प्लंबर टाकीपासून नळापर्यंतचा प्रत्येक जोड खोलत बसत नाही. मधला एक व्हॉल्व्ह उघडून पाणी तिथवर आलंय का ते बघतो. मीही मधूनच सुरू करतो. गाणं लावायचं आणि साउंडच्या पॅनेलमधली हिरवी पट्टी बघायची. पट्टी हलत असेल तर आकडे तिथवर पोचताहेत, दोष पुढे आहे. स्पीकरची पिन काढून मोबाइलला लावायची. तिथे वाजला, तर स्पीकर आणि वायर निर्दोष. एवढ्यात निम्मी वाट तपासण्यातून बाद होते, तीही एक स्क्रू न खोलता.

सांगलीच्या गावभागातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला होता, तो मी अजून नव्या मुलांना शिकवताना सांगतो. सर रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कॉम्प्युटरला हेडफोन लावून नाट्यसंगीत ऐकत. त्यांची तक्रार अशी होती, ‘जुनी गाणी वाजायची बंद झाली आहेत. नवी वाजतात, पण त्यांतला गायक गेला. तबला आहे, व्हायोलिन आहे, गाणारा नाही.’ मागून त्यांच्या सूनबाईंचा आवाज येत होता, ‘अहो, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यांचं मनावर घेऊ नका.’ कानाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन झाली होती.

सरांनी सांगितलेला शब्दन् शब्द बरोबर होता. हेडफोनच्या पिनेला तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागची नळी दोघांची सामाईक परतीची वाट, जिला आम्ही ग्राउंड म्हणतो. ही परतीची वायर आतून तुटली की वीज डाव्या कानातून थेट उजव्यातून परतते आणि दोन्ही बाजूंत जे सारखं आहे ते एकमेकांना पुसून टाकतं. उरतो तो फक्त दोन बाजूंमधला फरक. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवतात, म्हणून गायक गेला. बाजूला बसवलेली वाद्यं राहिली. आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचं गाणं सगळंच मोनो, दोन्ही कानांत तेच, म्हणून ते अख्खं नाहीसं झालं. मी सरांना विचारलं, ‘जुनी गाणी लावल्यावर अगदी काहीच येत नाही का?’ ते म्हणाले, ‘तबकडीची खरखर येते की. तेवढीच येते.’ तेही चोख. तबकडीवरचे ओरखडे आणि धूळ खाचेच्या दोन भिंतींवर सारखी नसते, त्यामुळे ती फरकात शिल्लक राहते. एवढी अचूक साक्ष मला कुठल्याही यंत्राने दिली नसती.

वायर पिनेपाशीच मोडली होती. खिशात ठेवताना ती नेहमी तिथेच दुमडते. तेवढा तुकडा कापला आणि नवी साडेतीन एमएमची पिन सोल्डर केली. हेडफोनच्या आतल्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो आयर्नच्या टोकाने आधी जाळावा लागतो, नाहीतर सोल्डर वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि वीज जात नाही. लाल तार उजवी, हिरवी डावी, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. सरांनी लगेच बालगंधर्वांचं तबकडीवरचं एक गाणं लावलं, डोळे मिटून थोडं ऐकलं आणि सूनबाईंना म्हणाले, ‘डॉक्टरांना नको म्हणून कळव.’ म्हाताऱ्या माणसाने कानाबद्दल काही सांगितलं की घर ते वयावर टाकून मोकळं होतं. त्यांच्या कानांचं काय असेल ते असो, पण आधी वायर बघा, असं मी अशा घरांतून आग्रहाने सांगतो.

मी हे काम शिकलो तेव्हा साउंड कार्ड वेगळं मिळायचं. साउंड ब्लास्टर हे नाव १९८९ सालचं. आमच्याकडे नव्वदीच्या अखेरीस सीडी ड्राइव्ह, कार्ड आणि दोन स्पीकर असं ‘मल्टिमीडिया किट’ विकलं जाई. पुढे कोडेक मदरबोर्डवरच आला. त्याची मानकं ठरली, १९९७ मध्ये एसी नाइंटीसेव्हन, २००४ मध्ये एचडी ऑडिओ. भोकांचे रंगही ठरले, स्पीकर हिरवं, माइक गुलाबी, लाइन-इन निळं. दोष मात्र फारसे बदलले नाहीत. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना चरचर झाली तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आहे. काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर बरेच लॅपटॉप ‘स्पीकर मुका, हेडफोन चालू’ या तक्रारीने आले. माळ्यावर ठेवून वाचवलेली मशिनं होती ती, पण ओल कुणाला चुकली नव्हती. हेडफोनच्या भोकात एक बारीक पत्री असते. पिन घातली की ती सरकते आणि मशीन स्पीकर बंद करतं. गंजाने पत्री अडकली की मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. तिथे ड्रायव्हर शंभरदा टाकला तरी काय होणार?

घूंऽऽ या आवाजाबाबत मात्र मी कडक आहे. मिरजेला ब्राह्मणपुरीतल्या एका जुन्या वाड्यात डेस्कटॉपच्या स्पीकरमधून कायम घुमल्यासारखा आवाज यायचा. घरातल्या मुलीने फोनवर एक गंमत म्हणून सांगितलं, ‘काका, आई कॅबिनेटला हात लावून उभी राहिली ना, की आवाज कमी होतो.’ ते ऐकून मी तिला म्हटलं, ‘आईला हात काढायला सांग. आत्ताच्या आत्ता बटण बंद करा, मी निघालोच.’

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये बाहेरचा खरखराट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या धातूला जोडलेले. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारी किंचितशी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर जाऊन बसतं. ती झिरपणारी वीज मग स्पीकरच्या वायरीतून वाट शोधते, तीच आपल्याला ५० हर्ट्झची घूं म्हणून ऐकू येते. माणसाने हात लावला की तिला माणसातून वाट मिळते, म्हणून घूं कमी होते. वाड्यात मीटर लावलं तर कॅबिनेट आणि ओली फरशी यांच्यात काटा शंभराच्या पुढे गेला. सॉकेटला अर्थचं भोक होतं, पण त्यामागे वायरच नव्हती. वहिनी म्हणाल्या, ‘झिणझिण्या येतात खऱ्या, पण आम्हाला वाटलं कॉम्प्युटरला असंच असतं.’

झिरपणारी वीज इतकी थोडी असते की तिने बहुधा झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. पण त्याच सप्लायमध्ये उद्या काही फुटलं आणि फेज धातूला चिकटली, तर त्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडवायला जमिनीची वाटच नसेल. घरच्यांना फक्त घूं घालवायची होती. बाजारात त्यासाठी एक डबीही मिळते, ती ऑडिओच्या वायरीत बसवली की आवाज जातो. मी ती बसवली नाही. घूं थांबली असती आणि धोका तसाच राहिला असता, फक्त तो सांगायला कुणी उरलं नसतं. ओळखीच्या वायरमनला बोलावलं, परसात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घेतलं आणि मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायला लावला. त्यानंतर स्पीकर कान लावून ऐकले तरी शांत होते. काही लोक घूं घालवण्यासाठी थ्री-पिनची जाड पिनच मोडून टाकतात. त्याने आवाज कधीकधी जातोही. ज्या घरात मोडकी पिन दिसते त्या घरात ती बदलल्याशिवाय मी पुढचं काम करत नाही, मग कुणी रागावलं तरी चालेल.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मुलीने तर आवाज म्हणजे काय, हे मला नव्याने दाखवलं. ती जन्मांध. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होती, कॉम्प्युटर एनव्हीडीएवर चालवायची. हा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. मायकल करन या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात तो सुरू केला, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि तो आजही फुकट मिळतो. मराठीही वाचतो. तिचा फोन आला तेव्हा ती घाबरलेली होती, पण सांगणं एकदम शिस्तीत. ‘मशीन सुरू होतंय, पंखा ऐकू येतोय. एनव्हीडीए बोलत नाही. हेडफोन मोबाइलला लावून पाहिला, चालतो. पिन हिरव्याच भोकात आहे, मी मोजून पाहिलं.’ म्हणजे अर्धी वाट तिने स्वतःच बाद केली होती. मी विचारलं, ‘कालपासून आजपर्यंत काय बदललं?’ ती म्हणाली, ‘दादाने मॉनिटर बदलला. जुना जळाला होता.’

नवा मॉनिटर एचडीएमआय वायरचा होता. या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे ती जोडली की सिस्टिमला आवाजाचं एक नवं ठिकाण दिसतं आणि पुष्कळदा ती आवाज तिकडे वळवते. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. एनव्हीडीए बोलत होता, पण ऐकवणारं तिथे काही नव्हतं. डोळस माणसाला हे कळतं, कारण कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर टिचकी मारून तो नावं वाचू शकतो. तिला ते वाचून दाखवणारा आवाजच हरवला होता. फोनवर दादाला सांगून आवाज परत हिरव्या भोकाकडे वळवला आणि तिचं काम त्याच वेळी झालं. तरी संध्याकाळी मी गेलो. दादाची नोकरी इस्लामपूरला, दिवसभर ती एकटी असायची. पुन्हा असं झालं तर तिने कुणाची वाट का बघावी?

आम्ही दोघांनी बसून पर्याय तपासले. एचडीएमआयचा आवाज डिव्हाइस मॅनेजरमध्ये बंद करून टाकला, म्हणजे आवाज जाण्याजोगं ठिकाण एकच राहिलं. पण अपडेटनंतर तो परत चालू होऊ शकतो, म्हणून दुसरी सोय हवी होती. माझ्या बॅगेत यूएसबीचं छोटं साउंड कार्ड होतं, पेन ड्राइव्हएवढं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. खुपसलं की सिस्टिम ओळखते आणि बहुतेक वेळा आवाज तिकडे नेते. मी मुद्दाम तिचा आवाज भलतीकडे वळवून ठेवला आणि खुर्ची मागे घेतली. तिने कार्ड चाचपून घातलं, हेडफोन त्यात लावला, कंट्रोल-ऑल्ट-एन दाबून एनव्हीडीए नव्याने सुरू केला, आणि तो बोलायला लागला. तिने ते सगळं काढून पुन्हा केलं. मग विंडोज-आर दाबून एमएमसिस डॉट सीपीएल टाइप केलं की आवाजाचं पॅनेल उघडतं, तेही शिकून घेतलं. आता ती आवाजाचं ठिकाण स्वतः बदलते.

त्या दिवसापासून मला आमच्या सगळ्या सूचना डोळसांसाठी लिहिलेल्या दिसू लागल्या. ‘हिरव्या भोकात घाला’, ‘लाल फुली दिसते का पाहा’, ‘पट्टी हलते का बघा’. अंध ग्राहकासाठी मी भोकं कडेपासून मोजून सांगतो, आणि पिनेवर दोऱ्याची गाठ बांधून देतो, एक गाठ स्पीकर, दोन गाठी माइक.

मार्च २०२० नंतर आवाजाचे फोन अचानक वाढले. कोरोनामुळे शाळा घरात आल्या होत्या. बहुतेक तक्रारी झटपट सुटणाऱ्या होत्या. जुन्या हेडफोनला दोन पिना आणि लॅपटॉपला भोक एकच, त्यामुळे माइक मुका. मध्ये एक जोडवायर लागते. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की गाण्याचा दर्जा पडतो, कारण येता-जाता दोन्ही आवाज वाहून न्यायला तो हलक्या प्रतीवर येतो. अशा वेळी माइक लॅपटॉपचा वापरायचा. कॉल आला की बाकी सगळं हळू होतं, ती विंडोजमधली मुद्दाम ठेवलेली सोय आहे, साउंडच्या पॅनेलमध्ये शेवटच्या पानावर ती बंद करता येते.

मिरजेच्या एका गायन शिकवणाऱ्या बाईंची अडचण मात्र निराळी निघाली. त्यांची एक विद्यार्थिनी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली होती. तिचा धडा आता कॉम्प्युटरवर चालायचा. बाई म्हणाल्या, ‘मी तंबोरा छेडते. तिला क्षणभर ऐकू येतो आणि मग विरून जातो. मी गायला लागले की मधूनच डोकावतो, परत जातो. माइक खराब आहे का?’ मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांची घराणी पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि बाईंचा तंबोरा तिथल्याच एका कारागिराच्या हातचा, जवारी सुरेख लागलेली. माइक ठीक होता. दोष होता तो आवाज स्वच्छ करणाऱ्या सोयीत. कॉलचं ॲप सतत ऐकत असतं आणि जो आवाज एकसारखा, न बदलता चालू राहतो त्याला पंखा किंवा एसी समजून गाळून टाकतं. तंबोऱ्याचं तर कामच एकसारखं चालू राहणं. जितका तो सुरेल लागलेला, तितका ॲपला तो गाळण्याजोगा वाटत होता.

हे गाळणं दोन ठिकाणी चालू असतं, हे फार जणांना माहीत नसतं. ॲपमध्ये ‘ओरिजिनल साउंड’सारखा पर्याय असतो, तो सुरू करायचा, शिवाय सिस्टिममध्ये माइकच्या गुणधर्मांतली ‘एनहान्समेंट्स’ बंद करायची. एकच केलं तर अर्धाच तंबोरा परत येतो. दोघींच्याही कॉम्प्युटरवरचं गाळणं गेल्यावर बाईंना स्वतःचाच आवाज न्यू जर्सीच्या स्पीकरमधून फिरून ऐकू येऊ लागला, म्हणून तिकडे हेडफोन आवश्यक झाला. दोघींनी एकत्र गायचं तर जमणार नाही, हे मी आधीच सांगितलं. आवाजाला तिकडे पोचून परत यायला जो वेळ लागतो तो कुठल्याही सेटिंगने नाहीसा होत नाही, आणि तेवढ्या अंतराने समेवर येणं शक्य नाही. बाईंनी शिकवण्याची रीत बदलली. एक ओळ त्यांची, मग ती ओळ तिची.

तरीही बाईंचं समाधान नव्हतं. त्यांनी विद्यार्थिनीला एकेक तार छेडून विचारलं. पंचम ऐकू येतो, जोड ऐकू येते, खर्ज मात्र जवळजवळ नाही. मी तिला विचारलं, ‘कशावर ऐकतेस?’ ‘लॅपटॉपवरच. हेडफोन घालून कंटाळा येतो, म्हणून काढून ठेवते.’ लॅपटॉपचे स्पीकर इतके छोटे असतात की तळाचे सूर त्यांच्याकडून नीट उमटतच नाहीत. खर्जाची तार तिथवर पोचत होती आणि शेवटच्या विताएवढ्या अंतरात अडत होती. मी म्हटलं, ‘ताई, धड्यापुरते तरी वायरचे मोठे हेडफोन लाव, कान पूर्ण झाकणारे.’ पुढच्या धड्यानंतर बाईंचा फोन आला. त्यांनी तंबोरा लावून आलाप सुरू केला होता, आणि विद्यार्थिनीने त्यांना मधेच थांबवून सांगितलं की खर्ज थोडा उतरलाय.